जवळच्या नात्यांचा तब्येतीशी खरंच किती संबंध असतो?

प्रश्न असा आला आहे: "वय पंचेचाळीस. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आटोक्यात. नोकरी बरी, घरी बायको आणि दोन मुलं. कॉलेजात मित्र भरपूर होते. आता वाढदिवसाला मेसेज टाकण्यापुरते उरलेत. 'म्हातारपणी निरोगी राहायचं तर कोलेस्टेरॉलपेक्षा नाती महत्त्वाची, असं हार्वर्डने सिद्ध केलंय' हे वाक्य जिकडे तिकडे दिसतं. त्यात तथ्य किती? आणि माझ्यासारख्या मुळातच अबोल माणसाने नेमकं करायचं काय?"

तथ्य आहे, आणि बऱ्यापैकी आहे. पण ते वाक्य अर्धवट आहे, आणि अर्धवट वाक्यावरून माणसं चुकीची कामं करतात. मी फिजिशियन आहे. मधुमेह, हृदयविकार, पक्षाघातानंतरचं आयुष्य, वाढत्या वयाची दुखणी हा माझा रोजचा व्यवहार. नाती एखाद्या रिपोर्टमध्ये दिसत नाहीत. पण तेच आजार, तीच औषधं असताना कोणाचे रिपोर्ट वर्षानुवर्षं स्थिर राहतात आणि कोणाचे घसरत जातात, हे पाहायला लागलं की ती दिसू लागतात. आधी पुरावा बघू, मग शरीरात काय होतं ते, आणि तुमच्या अबोलपणाकडे त्यानंतर येतो.

हार्वर्डचा अभ्यास १९३८ मध्ये सुरू झाला. खरं तर ते दोन वेगळे अभ्यास होते, पुढे एकत्र आले. एकात हार्वर्डचे २६८ विद्यार्थी, दुसऱ्यात बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधली ४५६ मुलं, मिळून ७२४. या मुलांच्या मुलाखती, तपासण्या, पुढे रक्ताचे नमुने आणि मेंदूचे स्कॅन असं दशकानुदशकं चालू राहिलं. नंतर त्यांच्या बायका आणि मुलंही अभ्यासात आली. अभ्यासाचे सध्याचे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर यांनी २०१५ च्या एका भाषणात सांगितलं की पन्नाशीतल्या माहितीवरून ऐंशीतल्या तब्येतीचा अंदाज बांधायला गेलो तर मधल्या वयातलं कोलेस्टेरॉल फारसं कामाला आलं नाही. आपल्या नात्यांत कोण किती समाधानी होतं, यावरून अंदाज बरोबर निघाला. ते भाषण कोट्यवधी लोकांनी पाहिलं आणि तुमच्यापर्यंत पोचलेलं वाक्य तिथून निघालं.

आता त्याला दोन पुस्त्या जोडा. हे सगळे गोरे पुरुष होते, एकाच शहराच्या आसपासचे, आणि संख्येने काही शे. एवढ्या गटात कोलेस्टेरॉलचा परिणाम ठळक दिसला नाही म्हणजे तो नसतोच असं होत नाही. कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध कितीतरी मोठ्या चाचण्यांतून, औषध देऊन आणि न देऊन, तपासला गेलेला आहे. "डॉक्टर, गोळी बंद केली, मित्र वाढवलेत" असं हसत सांगणारी माणसं मला भेटली आहेत. मी हसत नाही. दुसरं म्हणजे याच अभ्यासाचे त्याआधीचे प्रमुख जॉर्ज व्हायलंट यांनी अनेक दशकांच्या माहितीवरून ठासून सांगितलेली आणखी एक गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही: दारूचं व्यसन. त्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे संसार मोडले त्यामागचं मुख्य कारण त्यांना दारू दिसलं, आणि सिगारेटच्या जोडीने लवकर येणाऱ्या आजारपणाचं आणि मृत्यूचंही. म्हणजे नात्यांनी तब्येत घडते, तशी सवयींनी नातीही बिघडतात. दोन्ही धागे एकमेकांत गुंतलेले आहेत, हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

मला स्वतःला हार्वर्डपेक्षा कमी गाजलेला एक जुना अभ्यास जास्त पटतो. कॅलिफोर्नियातल्या अलामीडा काउंटीत साठच्या दशकात सुमारे सात हजार प्रौढांना विचारलं गेलं: लग्न झालंय का, मित्र-नातेवाईक किती आणि किती वेळा भेटता, एखाद्या धार्मिक किंवा इतर गटात जाता का. मग नऊ वर्षं कोण जगलं, कोण गेलं याची नोंद ठेवली. १९७९ मध्ये लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी निष्कर्ष मांडले. ज्यांचे धागे सर्वांत कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण धागे सर्वांत जास्त असलेल्यांच्या दुपटीहून अधिक होतं. सिगारेट, दारू, वजन, व्यायाम यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक टिकला. मला यातली एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते: एक प्रकारचा धागा नसला तरी दुसऱ्याने बरीच भरपाई होत होती. लग्न नसलं तरी मित्र असले, तरी माणूस तगत होता.

२०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड यांच्या गटाने असे १४८ अभ्यास एकत्र केले. तीन लाखांहून अधिक माणसं, सरासरी साडेसात वर्षांची नोंद. नाती भक्कम असलेल्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. "एकाकीपणा म्हणजे रोज पंधरा सिगारेटी" हे घोषवाक्य याच कामातून बाहेर पडलं. ते मला आवडत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांतली प्रमाणं शेजारी ठेवून केलेली ती तुलना आहे. सिगारेटचं विष फुप्फुसात काय करतं हे जितक्या नेमकेपणाने ठाऊक आहे तितक्या नेमकेपणाने नात्यांचं गणित ठाऊक नाही. शिवाय घाबरवून मैत्री वाढल्याचं मी पाहिलेलं नाही.

खरा अवघड प्रश्न वेगळा आहे. एकटा पडल्यामुळे माणूस आजारी पडतो, की आजारी पडल्यामुळे एकटा पडतो? दोन्ही होतं. गुडघे दुखतात म्हणून बाहेर जाणं थांबतं. लघवी आवरत नाही म्हणून समारंभ टाळले जातात. हे कोणी सांगत नाही, विचारावं लागतं. आणि ऐकू कमी येणं! उतारवयात माणूस गप्प होण्याचं मला दिसणारं सर्वांत नेहमीचं कारण हे आहे. चारचौघांत बसून निम्मं बोलणं कळत नाही, दोनदा "काय?" विचारलं की समोरचा चिडतो, मग माणूस हळूहळू कोपरा धरतो आणि घरचे म्हणतात, "हल्ली बाबा फार तुटक वागतात." तिथे समुपदेशनापेक्षा कानाची तपासणी आधी करावी. स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टींची यादी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली, त्यात श्रवणदोष आणि सामाजिक तुटलेपण या दोन्ही गोष्टी आहेत, आणि माझ्या अनुभवात त्या हातात हात घालून येतात.

त्याच वर्षी यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या आरोग्य-नोंदींच्या साठ्यातली जनुकीय माहिती वापरून एक तपासणी झाली. तिचा कल असा की बऱ्याच आजारांच्या बाबतीत एकाकीपणा हे थेट कारण नसून धोक्याची खूण असावी. म्हणून "नाती जोडा, आजार पळतील" असं मी कोणाला सांगत नाही. मात्र काही प्रयोग असे आहेत जिथे कारण आणि परिणाम जवळजवळ डोळ्यांसमोर घडताना दिसतात. शरीरात काय होतं ते त्यांतून कळतं.

धोका जाणवला की शरीर पहाऱ्यावर उभं राहतं. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, हृदय जोरात चालतं, रक्तदाब चढतो, साखर रक्तात येते. हे चांगलंच आहे, धोका टळल्यावर पहारा उतरत असेल तर. जो पहारेकरी चोवीस तास उभा, तो राखण कसली करणार? तो घरच्याच माणसांवर काठी उगारायला लागतो. दीर्घकाळ ताणाखाली राहिलेल्या शरीरात तसंच काहीसं होतं: रक्तदाब खाली बसत नाही, झोप तुकड्या-तुकड्यांची होते, शरीरात बारीक दाह धुमसत राहतो आणि रोहिणीकाठिण्यापासून (रक्तवाहिन्या आतून कडक आणि अरुंद होण्यापासून) मधुमेहापर्यंत सगळ्याला खतपाणी मिळतं. भरवशाचं माणूस जवळ असलं की हा पहारा उतरतो. माझ्या मते नात्यांच्या आरोग्यदायी परिणामाचा गाभा इथे आहे. किती माणसं ओळखीची, यापेक्षा कोणाच्या सहवासात तुमचं शरीर सैल पडतं, हे महत्त्वाचं.

जेम्स कोअन यांचा २००६ चा प्रयोग यासाठी सुरेख आहे. सोळा विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं की आता कदाचित विजेचा सौम्य झटका बसेल. एकदा हातात नवऱ्याचा हात, एकदा अनोळखी माणसाचा, एकदा कोणाचाच नाही. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धांदल सर्वांत कमी झाली. अनोळखी हातानेही थोडी कमी झाली. आणि ज्यांचा संसार जास्त समाधानाचा, त्यांच्यात ती आणखी उतरली. संख्या लहान आहे, हे खरं. पण प्रसूतीच्या खोलीत किंवा शस्त्रक्रियेआधी हात धरून उभं राहणाऱ्या माणसाने जे नेहमीच पाहिलंय, तेच यंत्राने दाखवलं.

उलट बाजूही मोजलेली आहे. ओहायोत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने ४२ जोडप्यांच्या हातावर छोटे फोड मुद्दाम उठवले आणि ते किती दिवसांत भरतात ते पाहिलं. एकदा जोडप्याने एकमेकांना आधार देणाऱ्या गप्पा मारल्या, एकदा मतभेदाच्या विषयावर बोलणं केलं. भांडणाच्या भेटीनंतर जखमा सावकाश भरल्या. आणि ज्या जोडप्यांच्या बोलण्यात एकंदरीतच कडवटपणा जास्त, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग कमी कडवट जोडप्यांच्या सुमारे ६० टक्केच होता. २००५ चा हा अभ्यास. कोरड्या आकड्यांपेक्षा मला त्यात दिसतं ते हे की घरातला शब्द कातडीपर्यंत पोचतो.

सर्दीचाही प्रयोग आहे. शेल्डन कोहेन यांनी २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले आणि त्यांना वेगळं ठेवून कोणाला सर्दी होते ते बघितलं. ज्यांच्या आयुष्यात नात्यांचे प्रकार जास्त, म्हणजे जोडीदार, भावंडं, मित्र, सहकारी, शेजारी, एखाद्या गटातले सोबती, त्यांना सर्दी कमी झाली. इथेही एकाच प्रकारची पन्नास माणसं असण्यापेक्षा वेगवेगळ्या भूमिका असणं उपयोगी ठरलं. ज्याचे सगळे मित्र ऑफिसातले, त्याने निवृत्तीच्या आधीच याचा विचार केलेला बरा.

हे झालं हॉर्मोनांचं आणि पेशींचं. पण याविषयी लिहिणारे एक साधी गोष्ट पार विसरतात, आणि दवाखान्यात बसून मला तीच सर्वांत मोठी वाटते. जवळचं माणूस टोकतं. "जिना चढताना तुला हल्ली धाप लागते." "रात्री घोरताना तुझा श्वास मध्येच थांबतो." "हा तीळ पूर्वी एवढा नव्हता." "आज गोळी घेतलीस का?" पुरुष रुग्ण तपासायला येतो आणि विचारलं, काय होतंय, तर म्हणतो, "काही नाही, हिने पाठवलं." अशा पाठवलेल्या माणसांमध्ये मला वेळेत सापडलेले कितीतरी आजार आहेत. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हे ज्याला झालंय त्याला स्वतःला नेहमी कळतंच असं नाही. शेजारी बसलेल्याला कळतं. एकटं राहणाऱ्या माणसाचा पक्षाघात सकाळी कोणी दार वाजवल्यावर उघडकीस येतो, आणि "किती वाजता सुरू झालं?" या आमच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसतं. यात गूढ काही नाही. दुसऱ्या डोळ्यांची जोडी असण्याचा हा रोखठोक फायदा आहे. म्हणून एकट्या राहणाऱ्या माझ्या रुग्णांना मी नात्यांवर प्रवचन देत नाही. रोज ठरल्या वेळी कोणाशी तरी दोन मिनिटं बोलणं ठरवून घ्यायला सांगतो. त्या वेळी फोन आला नाही तर पलीकडचा माणूस चौकशी करतो.

जवळचं माणूस गेल्यानंतरचा काळही असाच प्रत्यक्ष धोक्याचा असतो. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांना विचारलं गेलं, तेव्हा जिव्हाळ्याच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या २४ तासांत झटक्याचा धोका नेहमीच्या तुलनेत २१ पट निघाला आणि पुढे दिवसागणिक उतरत गेला. एकेका माणसापुरता तो धोका मुळात लहानच असतो, तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुग्यासारखा होऊन दुबळा पडतो, असाही एक विकार आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास त्याचं पहिलं वर्णन केलं आणि त्याला ताकोत्सुबो म्हणतात. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो. रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही लक्षणं हुबेहूब झटक्याची. दुःखाच्या घरी जाणाऱ्यांनी सांत्वनाचे शब्द शोधत बसण्याऐवजी तिथल्या माणसाने गोळ्या घेतल्या का, काही खाल्लं का, छातीत दुखतंय का एवढं विचारलं तरी मोठं काम होतं. "दुःखामुळे होतंय" म्हणून छातीतली कळ अंगावर काढू देऊ नका.

आता कोणतं नातं चांगलं? इथे लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. भांडण न होणं ही खूण नाही. हार्वर्डच्याच अभ्यासातली ऐंशी ओलांडलेली काही जोडपी दिवसभर कुरकुर करत असत. पण अडीअडचणीला हा माणूस आपल्या पाठीशी उभा राहील असा विश्वास ज्यांना होता, त्यांची स्मरणशक्ती जास्त काळ शाबूत राहिली. दुसरी बाजू लंडनमधली. तिथल्या सुमारे नऊ हजार सरकारी कर्मचाऱ्यांना बारा वर्षं पाहिलं, तेव्हा ज्यांचं सर्वांत जवळचं नातं सर्वांत त्रासदायक होतं त्यांच्यात हृदयविकाराचा धोका ३४ टक्क्यांनी जास्त आढळला. आणि ज्यांचा नेम नाही अशी नाती, आज गोड तर उद्या बोचरी, तीही महाग पडतात: अशा माणसाशी बोलताना रक्तदाब सरळसरळ नावडत्या माणसाशी बोलताना वाढतो त्याहून जास्त वाढल्याचं होल्ट-लन्स्टॅड आणि बर्ट उचिनो यांना २००३ मध्ये आढळलं. कारण उघड आहे. नावडत्या माणसाविषयी आपण तयारीत असतो. या माणसासमोर पहारा उतरवावा की नाही हेच शरीराला कळत नाही.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. हा सगळा पुरावा दाखवून कोणी तुम्हाला मारहाणीच्या किंवा सततच्या अपमानाच्या नात्यात टिकून राहायला सांगत असेल तर तो पुराव्याचा गैरवापर आहे. लग्न असण्याचा फायदा दिसतो तो सरासरीत. वाईट लग्नाचा तोटाही त्याच अभ्यासांत दिसतो.

चांगलं नातं मोठ्या प्रसंगांत घडतं असं आपल्याला वाटतं: आजारपणात केलेली सेवा, संकटात दिलेले पैसे. ते असतंच. पण मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या चित्रफिती तपासल्या तेव्हा त्यांचं लक्ष फुटकळ क्षणांकडे गेलं. एक जण खिडकीतून बघत म्हणतो, "अरे, हा पक्षी बघ." दुसरा मान वर करतो, किंवा करत नाही. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती त्यांनी अशा हाकांना ८६ टक्के वेळा ओ दिलेली होती, जी विभक्त झाली त्यांनी ३३ टक्के. आकडे जसेच्या तसे आपल्या घराला लावू नका, गट लहान होता. पण दिशा मला पूर्ण पटते. मोबाइलमध्ये खुपसलेली मान हा आज अशा हाका हुकण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यावर याहून जास्त लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

याहून कमी माहीत असलेली गोष्ट मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या कामातली आहे. त्यांनी विचारलं: जोडीदार चांगली बातमी सांगतो तेव्हा तुम्ही काय करता? समजा बायको घरी येऊन म्हणते, "आज माझं काम सगळ्यांसमोर वाखाणलं." एक नवरा फोन खाली ठेवून विचारतो, "कोण म्हणालं? नीट सांग ना." दुसरा म्हणतो, "वा, छान," आणि पुन्हा बातम्यांकडे वळतो. तिसरा म्हणतो, "म्हणजे आता आणखी काम गळ्यात पडणार." चौथा म्हणतो, "बरं, गॅसचं बुकिंग केलंस का?" नात्याला बळ देणारा फक्त पहिला. गंमत अशी की दुःखाच्या वेळी दिलेल्या आधारापेक्षा चांगल्या बातमीला दिलेल्या प्रतिसादावरून नात्याच्या भवितव्याचा अंदाज जास्त चांगला येतो, असं त्यांना आढळलं. तिसऱ्या प्रकारचे लोक स्वतःला व्यवहारी समजतात. त्यांच्या घरात हळूहळू चांगल्या बातम्या सांगणं बंद होतं.

आता तुमच्याविषयी. अबोल असणं हा आजार नाही, आणि त्यावर इलाज म्हणून माणसांच्या गर्दीत जायची गरज नाही. कमी माणसांत रमणं वेगळं आणि आपलं कोणी नाही अशी आतली टोचणी वेगळी. भरल्या घरात ती टोचणी असू शकते आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला नसू शकते. हार्वर्डच्या लोकांना अभ्यासात विचारलेला एक प्रश्न स्वतःला विचारा: रात्री अपरात्री बरं वाटेनासं झालं किंवा भीती वाटली तर तुम्ही कोणाला फोन कराल? नावं कागदावर लिहा. एक-दोन नावं झटकन आली तर तुमचं बरं चाललं आहे. फक्त बायकोचं आलं तर ते बरंही आहे आणि धोक्याचंही. पुरुषांचं हे नेहमीचं आहे: मित्र तिचे, नातेवाइकांशी संबंध तिने राखलेले, मुलांशी संवाद तिच्यामार्फत. ती आजारी पडली किंवा गेली तर एका माणसाबरोबर सगळं जग जातं. त्यात तिच्यावरही ओझं येतं, ते वेगळंच. मग उलटा प्रश्नही लिहा: अशा वेळी तुम्हाला कोण फोन करेल?

नवे मित्र जोडण्याच्या फंदात आधी पडू नका. जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये अंदाज मांडला तो असा: ओळखीचा सामान्य मित्र व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, खरा मित्र व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. पंचेचाळिशीत हे तास आणायचे कुठून? कॉलेजच्या मित्रांबरोबर ते तुम्ही केव्हाच घालवले आहेत. ते वाया गेलेले नसतात. तुम्हाला अडवतो तो संकोच: इतक्या वर्षांनी कसं बोलायचं, त्याला वाटेल काहीतरी काम आहे. पेगी लियू आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये नेमकं हेच तपासलं, आणि अचानक आठवण काढणाऱ्या निरोपाने समोरच्याला किती बरं वाटतं याचा अंदाज पाठवणारे सतत कमीच बांधतात असं दिसलं. निरोप जितका अनपेक्षित, तितका आनंद जास्त.

पद्धत मात्र नीट हवी. "भेटू एकदा" हे वाक्य न भेटण्यासाठी असतं. एकाच मित्राला निवडा, ग्रुपला नाही. एखादी ठोस आठवण लिहा, मग वार आणि वेळ सांगा. भेट झाली की पुढची तारीख तिथेच ठरवा. ठरलेला दिवस हा अबोल माणसाचा मोठा आधार असतो, कारण दर वेळी पुढाकार घ्यायला लागत नाही. समोरासमोर बसून मन मोकळं करणं ज्यांना जड जातं त्यांनी सोबत काहीतरी करावं: चालणं, पोहणं, बुद्धिबळ, एखादी बिघडलेली वस्तू दुरुस्त करणं. हात कामात असले की पुरुषांची जीभ सुटते, असं माझं निरीक्षण आहे. सहा-सात भेटी तरी फक्त इकडच्या तिकडच्या गप्पांत जातील. जाऊ द्या. कधीतरी एखादा प्रश्न खरा विचारा आणि तुम्हीही एखादं उत्तर खरं द्या.

दुसऱ्या एका माणसासाठी वाचत असाल, म्हणजे घरातलं कोणी खरंच एकाकी झालं असेल, तर "लोकांत मिसळ" हा सल्ला देऊ नका. जॉन कासिओपो यांनी आयुष्यभर एकाकीपणाचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की दीर्घकाळ एकाकी राहिलेल्या माणसाचं मन धोका हुंगत असतं: समोरच्याचा तटस्थ चेहराही नाराज दिसतो, उशिरा आलेलं उत्तर म्हणजे टाळणं वाटतं, आणि मग तो माणूस स्वतःच आधी मागे सरकतो. अशाला समारंभात नेऊन बसवलं तर पुरावाच मिळतो की आपण कोणाला नको आहोत. कासिओपोंच्याच गटाने २०११ मध्ये अनेक उपायांची तुलना केली. माणसांच्या भेटी वाढवणं, संभाषणकला शिकवणं यांपेक्षा हे विचार तपासायला शिकवणाऱ्या उपायांचा परिणाम जास्त दिसला. त्यासाठी समुपदेशक लागतो. घरच्यांनी करण्याजोगं काम म्हणजे त्याच्याकडे मदत मागणं, छोटी आणि खरी. ज्याला कोणी काही मागत नाही त्याला आपण उरलो आहोत असं वाटू लागतं.

शेवटी एक तपासणी. मित्रांना फोन करावासा वाटतो पण होत नाही, हे वेगळं. कोणालाच भेटावंसं वाटत नाही, पूर्वी ज्यात रमत होता त्यात रस उरला नाही, झोप आणि भूक बदलली, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त रोज चाललं आहे, तर ते डिप्रेशन असू शकतं. थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरताही तसंच रूप घेऊन येते. तेव्हा मित्रांची यादी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी जा, आणि एकटे जाऊ नका.